मराठी मजकूर शोधता येईल असा ठेवा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मराठीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कशी व्हावीत, यावर सध्या वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जात आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून निधी, अध्यासने आणि संशोधन प्रकल्प यांचीही चर्चा वाढली आहे. या सगळ्यात एक पायाभूत गोष्ट सुटून जाते असे मला वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. संगणकावर आज असलेला मराठी मजकूर साध्या, फुकट आणि पन्नास वर्षांपासून वापरात असलेल्या साधनांनीसुद्धा नीट शोधता येत नाही. त्यात दोष साधनांचा थोडा आहे आणि मजकूर साठवण्याच्या आपल्या पद्धतीचा बराच. ग्रंथांच्या शेवटी येणाऱ्या नामसूची आणि शब्दसूची करण्याचे काम मी करतो, त्यामुळे ही अडचण माझ्यासमोर रोजचीच असते. पण ती एकट्या सूचीकाराची नाही. इतिहासाचा अभ्यासक, कोशकार, वकील, पत्रकार, भाषेचा प्राध्यापक, अशा ज्या कोणाला हजारो पानांतून एक शब्द किंवा एक नाव हुडकायचे असते, त्या सर्वांची ती आहे.

मी ज्या साधनांविषयी बोलतो आहे ती टर्मिनलच्या खिडकीत कमांड टंकून चालवायची असतात. ग्रेप हे साधन फायलींतून दिलेल्या नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी काढून देते. सेड मजकुरात बदल करते. ऑक प्रत्येक ओळीचे रकाने पाडून त्यांवर हिशेब करू शकते. सॉर्ट ओळी क्रमाने लावते, युनिक लागोपाठ आलेल्या सारख्या ओळी एकत्र करून हवे तर त्यांची संख्याही देते, आणि डिफ दोन फायलींमधला फरक दाखवते. लिनक्स आणि मॅक संगणकांवर ती मुळातच असतात, विंडोजवर २०१६ पासून मायक्रोसॉफ्टनेच लिनक्सची सोय करून दिली आहे, आणि अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचे ॲप उतरवून घेतले तर विद्यार्थ्याला यासाठी संगणकाचीही गरज उरत नाही. परवाना नाही, वर्गणी नाही, इंटरनेट नसले तरी चालते, आणि अप्रकाशित हस्तलिखित कोणा परक्याच्या सर्व्हरवर पाठवावे लागत नाही. यातला शेवटचा मुद्दा माझ्यासारख्या, लेखकांच्या विश्वासावर काम करणाऱ्या माणसाला फार मोलाचा वाटतो.

ही साधने अभियंत्यांसाठी आहेत आणि भाषेच्या माणसांचा त्यांच्याशी संबंध नाही, असा एक समज आपल्याकडे आहे. त्यांचा इतिहास नेमके उलट सांगतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत १९६९ पासून केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकाची कार्यप्रणाली उभी केली; ही साधने तिच्यातूनच आली. तेथील ली मॅकमॅहन या सहकाऱ्याला ‘फेडरलिस्ट पेपर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निबंधांचे लेखकत्व तपासायचे होते. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये टोपणनावाने छापलेल्या या ८५ निबंधांपैकी काही अलेक्झांडर हॅमिल्टन यांचे की जेम्स मॅडिसन यांचे, हा जुना वाद होता. निबंधांचा एकूण मजकूर त्या काळच्या यंत्राच्या स्मृतीत मावत नव्हता, त्यामुळे तो एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहिण्या-दुरुस्त करण्याच्या प्रोग्रॅममध्ये, उघडून शोधणे शक्य नव्हते. तेव्हा थॉम्पसन यांनी एडिटरमधील शोधण्याचा भाग वेगळा काढून, फाइल ओळीओळीने वाचत जाणारे स्वतंत्र साधन दिले, तेच ग्रेप. १९७३ च्या नोव्हेंबरमधील युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीच्या पुस्तिकेत त्याची नोंद आहे. पुढे सेड खुद्द मॅकमॅहन यांनीच लिहिले. म्हणजे या घराण्याची सुरुवातच मुळी एका पाठचिकित्सेच्या प्रश्नातून झाली आहे.

त्या निबंधांचा निकाल संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी १९६४ मध्येच दिला होता. वादग्रस्त बारा निबंध मॅडिसन यांचे असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि तो विषयावरून किंवा विचारांवरून काढलेला नव्हता. लेखकाच्या लक्षातही न येणाऱ्या किरकोळ, अव्ययवजा शब्दांच्या वारंवारतेवरून काढलेला होता. आपल्याकडेही अशा स्वरूपाचा एक गाजलेला वाद आहे. ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार ज्ञानदेव हे दोन भिन्न पुरुष होते, असे शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘सुधारक’मधून मांडले आणि त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग भाषेतील फरकाचा होता. तेव्हा तुलना करणाऱ्याला सारे हाताने करावे लागत होते. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या, ही मजकुराची फाइल म्हणून पाहिली तर अगदी लहान गोष्ट आहे; ग्रेप ती डोळ्याचे पाते लवण्याच्या आत चाळते. अर्थात अभंग शतकानुशतके मुखपरंपरेने आले आणि त्यांची भाषा गाणाऱ्यांच्या तोंडी बदलत गेली, त्यामुळे केवळ शब्द मोजून हा वाद मिटेल असे मी म्हणणार नाही. मात्र वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये छापलेली ज्ञानेश्वरीची प्रत आणि प्रचलित प्रत या दोन्ही ओवीमागे ओवी अशा मांडलेल्या साध्या फायलींत असतील, तर डिफ त्यांतील पाठभेद एका कमांडसरशी समोर ठेवील. पाठभेदांची कच्ची यादी करण्यात अभ्यासकाची जी वर्षे जातात ती वाचतील, आणि कोणता पाठ ग्राह्य धरावा या खऱ्या विद्वत्तेच्या कामाला ती देता येतील.

या साधनांचे बळ एकेकट्यात नाही, ती एकापुढे एक जोडण्यात आहे. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या तोंडी देणारी ‘पाइप’ची कल्पना बेल लॅब्जमधील डग्लस मॅकलरॉय यांची, १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये आणली. खळ्यावर धान्य आधी उफणतात, मग चाळतात, मग मोजतात, आणि प्रत्येक कामाचे अवजार वेगळे असते, तसाच हा प्रकार आहे. १९८६ मध्ये एका संगणकविषयक मासिकातील जॉन बेंटली यांच्या सदरात संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्यापुढे एक प्रश्न ठेवण्यात आला: मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे शब्द त्यांच्या संख्येसह छापून दाखवा. कनूथ यांनी अनेक पानांचा, अत्यंत देखणा प्रोग्रॅम लिहिला. त्याचे परीक्षण करणाऱ्या मॅकलरॉय यांनी त्याची तारीफ केली आणि तेच काम सहा कमांडच्या साखळीत करून दाखवले: प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर घ्यायचा, मोठ्या लिपीतील अक्षरे लहान करायची, ओळी क्रमाने लावायच्या, सारख्या ओळी मोजायच्या, संख्येच्या उतरत्या क्रमाने पुन्हा लावायच्या आणि वरच्या काही ओळी छापायच्या.

आता हीच साखळी मराठी मजकुरावर चालवून पाहावी. दुसरी पायरी आपल्याला लागतच नाही, कारण देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेद नाही. तेवढा एक फायदा. पण पहिल्याच पायरीला गाडी अडते. मूळ कमांड रोमन अक्षरे सोडून बाकी सारे फेकून देते, म्हणजे सबंध मराठी मजकूर फेकून देते. ती बदलून देवनागरी अक्षरे द्यावीत, तर या पायरीचे काम करणारे लिनक्सवरील टीआर हे साधन अक्षरे ओळखत नाही, बाइट, म्हणजे साठवणीची लहान एकके, ओळखते. युनिकोड म्हणजे लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक, म्हणजे संकेत, देणारे प्रमाण; त्यात देवनागरीसाठी १२८ संकेतांचा एक गट आहे आणि ते फायलीत साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत त्यातील प्रत्येक संकेत तीन बाइट जागा घेतो. ‘मराठी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या दृष्टीने त्यात पाच संकेत आणि पंधरा बाइट आहेत. हे ध्यानात घेऊन, शब्द रिकाम्या जागेवर तोडायचे आणि विरामचिन्हे एकेक करून स्वतः सांगायची, असा मार्ग काढता येतो व तो चालतो. ‘शब्द’ म्हणजे काय हे साधनावर सोपवू नये, असा माझा स्वानुभवाचा सल्ला आहे, कारण काही साधने वेलांटी, मात्रा किंवा पायमोडके चिन्ह यांना अक्षर मानतच नाहीत आणि शब्दाचे मधूनच दोन तुकडे करतात.

इथपर्यंतच्या अडचणी साधनांच्या आहेत आणि त्यांवर उपाय आहेत. साधनेही हळूहळू सुधारत आहेत. ऑक हे १९७७ मध्ये आल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहॅन या तिघांनी घडवलेले साधन, आणि त्यातील कर्निहॅन यांनी वयाच्या ऐंशीनंतर, २०२२ मध्ये, त्याच्या मूळ आवृत्तीत युनिकोडची सोय स्वतः केली. यापुढच्या अडचणी मात्र आपण निर्माण केलेल्या आहेत, आणि मला विशेष सांगायचे आहे ते त्यांच्याविषयीच.

‘दुःख’ हा शब्द घ्या. त्यातील विसर्गासाठी युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह आहे. तरीही वृत्तपत्रे, सरकारी कागद आणि पुस्तके यांत तो सर्रास ‘दु:ख’ असा, म्हणजे मध्ये अपूर्णविराम टंकून लिहिलेला आढळतो. छापील पानावर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात आणि वाचकाचे काही अडत नाही. पण ‘दुःख’ शोधणाऱ्या ग्रेपला ‘दु:ख’ सापडत नाही, आणि अपूर्णविराम हे विरामचिन्ह म्हणून तोडले की शब्दांच्या यादीत ‘दु’ आणि ‘ख’ असे दोन निराधार तुकडे हाती येतात. ‘स्वतः’, ‘अंतःकरण’, ‘पुनःपुन्हा’ यांची गत तीच.

त्याहून फसवे प्रकरण ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्यांना’ यांतील रफाराचे आहे. मराठीचा हा खास र अनेक प्रकारांनी साठवता येतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर त्यासाठी ऱ ही वेगळी कळ आहे. लिप्यंतरण पद्धतीच्या काही कळफलकांवर साधा र, त्याला पायमोडके चिन्ह आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह, असा मजकूर तयार होतो. तिसरा प्रकार साध्या र ला नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब, देऊन होतो. पडद्यावर किंवा कागदावर पाहून ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘शेतकर्‍यांना’ यांत फरक आहे हे कोणत्याही तपासनिसाला कळणार नाही. मला स्वतःला ते बाइट उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. इंग्रजी आद्य स्वराचेही असेच आहे. ‘ॲप’मधील ॲ या अक्षराला २००८ मधील युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत स्वतःचा संकेत मिळाला. त्याआधीचा मजकूर अ वर चंद्र देऊन लिहिलेला आहे, कधी मध्ये ते अदृश्य जोडचिन्ह घालून, कधी न घालता. आणि आजही अनेक कळफलक तसेच लिहितात. युनिकोडने एकरूपीकरणाचे जे नियम ठरवले आहेत त्यांनी नुक्त्याचा प्रकार ऱ मध्ये सामावला जातो, पण जोडचिन्हाचा प्रकार किंवा अ वरचा चंद्र त्यांच्या कक्षेत येत नाही. म्हणजे हा निवाडा मराठीच्या माणसांनीच करायचा आहे, तो आपसूक होणार नाही.

येथे होणारी चूक मूक असते, हे मला सर्वांत गंभीर वाटते. शोधात काही सापडले नाही, तर ग्रेप काहीही न छापता मुकाट्याने परत येते. एखाद्या जिल्ह्याच्या दहा वर्षांच्या कागदपत्रांत ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द किती वेळा आला हे मोजणाऱ्या विद्यार्थ्याला एक संख्या मिळते, ती खरी वाटते, आणि निम्मा मजकूर दुसऱ्या पद्धतीने टंकलेला असल्यामुळे ती चूक आहे हे त्याला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. अंकांच्या बाबतीत तर हे आणखी घातक आहे. ऑकला देवनागरी अंक संख्या म्हणून कळत नाहीत. ‘१२५०’ आणि ‘३४००’ यांची बेरीज सांगितली तर ते कोणतीही तक्रार न करता शून्य असे उत्तर देते. सॉर्टला संख्येप्रमाणे क्रम लावायला सांगितले तरी देवनागरी आकडे ते अक्षरांप्रमाणेच लावते आणि ‘१०’ हा ‘२’च्या आधी येतो. उपाय अवघड नाही. हिशेबापूर्वी सेडने दहाही अंक इंग्रजी (0 ते 9) रूपात बदलून घ्यावेत आणि छापताना परत देवनागरीत न्यावेत. पण हे माहीत असावे लागते. ज्या मजकुरात एका पानावर देवनागरी आणि दुसऱ्यावर इंग्रजी अंक आहेत तेथे अर्धी बेरीज बरोबर येते, आणि अर्धी बरोबर बेरीज पूर्ण चुकीच्या बेरजेपेक्षा अधिक काळ खपून जाते.

वर्णानुक्रमाविषयी सूचीकार म्हणून एवढेच नोंदवतो. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसवलेला आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो, आणि क्ष व ज्ञ शेवटी मोजण्याचा आपला प्रघात आहे. केवळ संकेतांच्या क्रमाने लावलेल्या यादीत ‘काळ’ हा ‘कावळा’च्या आधी येतो आणि ‘क्षमा’ ही क च्या घरात जाऊन बसते. संगणकाला मराठीचे लोकेल, म्हणजे भाषेनुसार क्रम वगैरे ठरवणारी मांडणी, सांगितले आहे की नाही यावर हा क्रम बदलतो, म्हणून एकाच फाइलची दोन यंत्रांवर केलेली सूची वेगवेगळी निघू शकते. काही मराठी पुस्तकांच्या सूचींतील विचित्र क्रमाचे कारण यातच शोधावे असे मला वाटते.

मराठीच्या अध्यापकांचे लक्ष मी एका गोष्टीकडे मुद्दाम वेधू इच्छितो, कारण तेथे आपली बाजू भक्कम आहे. ग्रेपला द्यायचा नमुना म्हणजे ज्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात तो. गणितज्ञ स्टीव्हन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात त्याचा सिद्धांत मांडला आणि थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये तो शोधाच्या कामी कसा लावावा हे दाखवले. ‘अमुक अक्षरानंतर हे किंवा ते चिन्ह, आणि त्यापुढे असल्यास तमुक’ अशी ती भाषा आहे. इंग्रजीत एखादा शब्द शोधायला बहुधा तो शब्दच पुरतो. मराठीत ‘दुष्काळ’ शोधला तर ‘दुष्काळाने’, ‘दुष्काळग्रस्त’ हेही मिळतात, पण ‘पाऊस’ शोधला तर ‘पावसाने’ मिळत नाही, ‘विहीर’ शोधली तर ‘विहिरीत’ निसटते, ‘तळे’ शोधले तर ‘तळ्यात’ नाही आणि ‘पाणी’ शोधले तर ‘पाण्याचा’ नाही. हे सारे सामान्यरूपाचे नियम आहेत आणि शाळेत आपण ते शिकलेलो आहोत. ‘विह’ नंतर ऱ्हस्व किंवा दीर्घ वेलांटी आणि मग र. ‘पाण’ नंतर दीर्घ वेलांटी किंवा जोडलेला या. असा नमुना ज्याला लिहिता येतो त्याला विहिरीही सापडतात आणि पाणीही. जुन्या ग्रंथांसाठी तर व्याकरणाबरोबर लेखनाचा इतिहासही लागतो. साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम येण्यापूर्वीच्या मजकुरात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार जागोजागी आहेत, तेव्हा नमुन्यात अनुस्वार ऐच्छिक ठेवावा लागतो. अभियांत्रिकीच्या पदवीधराला ही साधने लवकर येतील. पण मराठी शोधण्यासाठी उत्तम नमुने मराठीचा बी. ए. झालेला विद्यार्थी लिहील, याबद्दल मला शंका नाही. आठ-दहा तासिकांचा हा विषय आहे. ‘संगणक आणि मराठी’ अशा नावाच्या अभ्यासक्रमांत टंकलेखन आणि सादरीकरण शिकवून थांबण्याऐवजी तो घेतला, तर विद्यार्थ्याच्या हाती संशोधनाचे खरे साधन पडेल.

या साधनांना मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. टर्मिनलच्या खिडकीत देवनागरी बहुधा भंगलेली दिसते, जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. त्यामुळे उत्तर पडद्यावर न वाचता फाइलमध्ये साठवून एडिटरमध्ये उघडावे लागते. विंडोजवर तयार झालेल्या फायलींत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा चिन्ह असते आणि काही एडिटर फाइलच्या आरंभी आणखी एक अदृश्य चिन्ह ठेवतात. ती काढून टाकल्याशिवाय ‘ओळीच्या शेवटी येणारा शब्द’ असा शोध फसतो. आणि सुरुवातीचा आठवडा कंटाळवाणा जातो, हे कोणी लपवू नये.

खरा अडथळा मात्र मजकूर हाती येण्याचाच आहे. महाराष्ट्र शासनाचे निर्णय संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात, ही चांगली गोष्ट आहे. परंतु ते पीडीएफ स्वरूपात असतात. पीडीएफ हे छापील पानाचे चित्र जपण्यासाठी आहे, त्यातील शब्द जपण्यासाठी नव्हे. कागद स्कॅन केलेला असेल तर आत मजकूर नसतोच, आणि असला तरी देवनागरी पीडीएफमधून तो बाहेर काढताना ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते आणि जोडाक्षरांच्या ठिकाणी भलतेच काही येते, हा अनेकांचा अनुभव आहे. युनिकोड रुळण्याआधीच्या दोन-तीन दशकांतील पुस्तके आणि नियतकालिके युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेली आहेत. त्या फायलींत मराठी अक्षरे नाहीतच. रोमन अक्षरे व चिन्हे आहेत, आणि त्यांना देवनागरीचे रूप केवळ तो फाँट देतो. अशी फाइल ग्रेपपुढे ठेवली तर त्याला तीत एकही मराठी शब्द दिसत नाही. परिवर्तक प्रोग्रॅम आहेत, पण प्रत्येक फाँटची चिन्हमांडणी निराळी आणि एकाच पुस्तकात दोन फाँट वापरलेले, अशी स्थिती वारंवार असते. ज्या प्रकाशकांकडे या फायली आहेत त्यांचे संगणक बदलत आहेत, जुने जुळारी निवृत्त होत आहेत, आणि कोणत्या पुस्तकाला कोणता फाँट होता हे सांगणारे कोणी उरणार नाही अशी वेळ फार दूर नाही.

चांगली उदाहरणेही आपल्यासमोर आहेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि त्याचा संपूर्ण मजकूर एका संक्षेपित फाइलच्या रूपाने कोणालाही उतरवून घेता येतो. ती फाइल न उलगडता तिच्यात शोध घेणारी ग्रेपची भावंडेही आहेत. मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्क संपलेले ग्रंथ स्वयंसेवकांनी अक्षरशः ओळ न् ओळ तपासून चढवले आहेत. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा मोल्सवर्थ कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश यांत संगणकावर शोध घेता येतो तो शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पामुळे. यात शिकागोचे कौतुक आहेच. पण आपल्या राज्यातील विद्यापीठे आणि संस्थांनी आपल्या प्रकाशनांबाबत निदान तेवढे करावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

सार्वजनिक पैशातून निघणाऱ्या प्रत्येक मराठी दस्तऐवजाच्या पीडीएफसोबत त्याचा यूटीएफ-८ मधील साधा मजकूरही ठेवला जावा, ही माझी मुख्य मागणी आहे. मूळ दस्तऐवज संगणकावरच टंकलेला असल्यामुळे त्यासाठी वेगळे श्रम जवळजवळ नाहीत. त्याच्या जोडीला, रफाराचा ऱ कसा साठवावा, ॲ कोणता, विसर्गासाठी कोणते चिन्ह, अंक कोणते, एवढ्या मोजक्या बाबींवर एका पानाची नियमावली राज्य मराठी विकास संस्था किंवा भाषा संचालनालय यांनी तयार करावी आणि तिच्याप्रमाणे मजकूर तपासणारी सेडची छोटीशी फाइल सर्वांना द्यावी. २००९ च्या शासन निर्णयाने वर्णमाला आणि अक्षरांची वळणे प्रमाणित केली; डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांसाठी जी काळजी घेतली तीच आता त्यांच्या संकेतांसाठी घ्यायला हवी. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रतिमानांना जो मराठी मजकूर पुरवायचा त्यातही हीच विसंगती उतरते, त्यामुळे ज्यांना त्या क्षेत्रात स्वारस्य आहे त्यांचेही काम यात आहे.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक विनंती. आपल्या संकेतस्थळावरील लेख मी नियमित वाचतो आणि विसर्गाच्या जागी अपूर्णविराम तेथेही दिसतो. तो आपल्या मजकूर-व्यवस्थेत एका सेड कमांडने दुरुस्त करता येईल. फक्त ‘प्रति:’ किंवा ‘वेळ:’ यांसारख्या, खरोखर अपूर्णविराम असलेल्या जागा आधी ग्रेपने काढून डोळ्यांखालून घालाव्यात. आणि स्वामित्वहक्काच्या कारणाने पूर्ण लेख देता येत नसतील तर अग्रलेखांची शीर्षके व दिनांक एवढी तरी, एका ओळीवर एक अशा साध्या फाइलमध्ये, अभ्यासकांसाठी उपलब्ध करून द्यावीत.

आपला,
एक सूचीकार, पुणे